स्वतःचा भाता ओढणारी आग

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असा एक गाळा घ्या. खानदेशातल्या दोंडाईचाच्या बाजारपेठेत असे पुष्कळ सापडतील. त्यातली हवा मोजली तर साधारण २८ हजार लिटर भरते. फोर्ड मस्टँगचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर चालवलं, तर एवढी हवा ते पावणेदोन मिनिटांत पिऊन टाकतं. हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून श्वास घेतं, म्हणजे फेरीमागे अडीच लिटर. त्याला साडेसहा हजाराने गुणा. मिनिटाला सोळा हजार लिटर होतात. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सात-आठ लिटर हवा पुरते. म्हणजे हे एकटं इंजिन दोन हजार माणसांच्या वाटची हवा ओढतं.

त्यातून मिळतात सुमारे ४०० अश्वशक्ती. फोर्डने २०१६ साली ही गाडी भारतात विकायला आणली तेव्हा तिची किंमत ६५ लाखांच्या घरात होती आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर तिची निम्मी ताकदही कधी वापरली जाईल की नाही, असा प्रश्न शहाण्या माणसांना पडला होता. अमेरिकेतल्या हौशी माणसाला मात्र हे ४०० कमी वाटतात. तो गॅरेजात गाडी उभी करतो, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक टर्बोचार्जर बसवतो आणि सातशे, आठशे, हजार अश्वशक्तीच्या गोष्टी करू लागतो. इंजिन तेच, सिलिंडर तेवढेच आणि आकारही तेवढाच. मग ही जादा ताकद येते कुठून?

येते ती हवेतून. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणं काही अवघड नाही, मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर लावले की झालं. हवा मात्र इंजिनाला स्वतः ओढून घ्यावी लागते, आणि पिस्टन खाली गेल्यावर सिलिंडरात जेवढी जागा होते तेवढीच ती आत येते. म्हणून ताकद वाढवायची म्हणजे हवा वाढवायची, एवढाच सगळा खेळ आहे.

अमेरिकेने सुरुवातीला त्यासाठी सगळ्यात सरळ मार्ग धरला, तो म्हणजे मोठं इंजिन. १९६४ साली पाँटिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली आणि मसल कारचं युग सुरू झालं असं मानतात. पुढे क्रायस्लरचं सात लिटरचं हेमी आलं, कंपनीच्या आकड्यानुसार ४२५ अश्वशक्तीचं. म्हणजे लिटरमागे साठ. आता चाकणच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० बघा. तिचं टर्बो पेट्रोल इंजिन दोन लिटरचं आणि ताकद सुमारे २०० अश्वशक्तीची, म्हणजे लिटरमागे शंभर. मुलांना शाळेत सोडायला जाणारी गाडी लिटरमागच्या हिशेबात दंतकथेतल्या हेमीला मागे टाकते. हेमीच्या चाहत्यांना हे आवडत नाही, पण आकडे तसे आहेत. मधल्या काळात इंधनाचे इंजेक्टर, संगणक, धातू असं बरंच काही सुधारलं, तरी या फरकाचा मोठा वाटा टर्बोचाच आहे.

टर्बो करतो काय? लोहाराच्या भट्टीत कोणीतरी भाता ओढतं म्हणून आग फुलते. इथे आगच स्वतःचा भाता ओढते. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून जातो आणि उरलेला सायलेन्सरमधून वाया जातो. ४०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा जवळपास तेवढीच शक्ती धुराबरोबर बाहेर पडत असते. त्या गरम, वेगवान धुराच्या वाटेत एक छोटं पातं-चक्र ठेवलं की ते फिरू लागतं. ते टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. तो कॉम्प्रेसर. एक दांडा आणि दोन चक्रं, यापलीकडे टर्बोचार्जरच्या पोटात फारसं काही नाही.

एवढ्याशा वस्तूवर काय ताण येतो हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. मोटारीच्या टर्बोचं चक्र साठ मिलिमीटर व्यासाचं धरू, तळहातात सहज मावेल एवढं. ते मिनिटाला एक लाख चाळीस हजार फेऱ्या मारतं. सेकंदाला दोन हजार तीनशेहून अधिक. त्याच्या कडेचा वेग निघतो ताशी पंधराशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. कडेवरचा एक ग्रॅम धातू सुमारे साडेसहाशे किलोच्या जोराने बाहेर ओढत असतो. आणि हे सगळं चालू असताना दांड्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा हजार अंशांच्या आसपासचा धूर लागत असतो, तर दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. धुराकडचं चक्र निकेलच्या मिश्रधातूचं असतं. जेट विमानांच्या इंजिनांतही त्याच घराण्यातले धातू वापरतात. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा बॉल बेअरिंगवर नसतो, तर तेलाच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत फिरतो. ते तेल क्षणभर बंद झालं तर काय होईल याची कल्पना करायची गरज नाही, हायवेवरचा कोणताही मिस्त्री सांगेल.

खानदेशाला हे यंत्र नवं नाही. शिरपूर सोडून मुंबई-आग्रा रस्त्याने बिजासन घाट चढू लागलात की शेजारून कण्हत जाणाऱ्या भरलेल्या ट्रकमधून जी बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते, ती टर्बोचीच. तोच घाट पार करून पुढे इंदूरपलीकडे देवासला गेलं की टाटा आणि होलसेट यांनी नव्वदच्या दशकात मिळून उभा केलेला टर्बोचार्जरचा कारखाना लागतो. होलसेट हे कमिन्सच्या टर्बोंचं नाव. दोंडाईचाच्या बाजारात मिरची आणि मका घेऊन येणारे-जाणारे ट्रक, आठ-दहा वर्षांतले काही मोठे ट्रॅक्टर, बोअरच्या गाड्या, एवढंच काय गावातली छोटी डिझेल पिकअप, या सगळ्यांच्या पोटात हे चक्र आहे. ड्रायव्हर मंडळींचे शब्दही ठरलेले: ‘गाडी लोड घेत नाही’, ‘टर्बो ऑईल मारतोय’, ‘होज फाटला, हवा लीक आहे’. डिझेलला दाबलेली हवा मनापासून मानवते. सिलिंडरात आधी नुसती हवाच असते आणि डिझेल ऐन वेळी येतं, त्यामुळे वेळेआधी पेटण्याची भीती नसते. पेट्रोलची गोष्ट वेगळी आणि नाजूक, तिच्याकडे येतो.

आधी थोडा इतिहास. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्या काळचे धातू तेवढी उष्णता सहन करणारे नव्हते, म्हणून ती खऱ्या अर्थाने वापरात यायला वीस वर्षं गेली. १९२५ च्या सुमारास दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसले आणि १,७५० अश्वशक्तीचं इंजिन २,५०० देऊ लागलं. दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं होतं, चौदा हजार फुटांवर. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं उंचावरच्या विरळ आभाळात दम टिकवून होती ती याच युक्तीवर. मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडलं.

आता दोनच का? एक मोठा टर्बो का नाही?

पहिलं कारण इंजिनाच्या बांध्यात आहे. व्ही-८ म्हणजे चार सिलिंडर डावीकडे कललेले आणि चार उजवीकडे. दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून बाहेर पडतो. एकच टर्बो लावायचा तर एका बाजूचा धूर इंजिनाला वळसा घालून दुसरीकडे आणावा लागतो. वाटेत तो थंड होतो, सुस्तावतो आणि बॉनेटखाली हात घालायला जागा उरत नाही. त्यापेक्षा प्रत्येक बाजूला एक छोटा टर्बो लावलेला बरा, चार सिलिंडरांचा एक.

दुसरं कारण अधिक सुंदर आहे. फिरणाऱ्या चक्राला वेग देणं किती जड जाईल हे त्याच्या जडत्वावर ठरतं आणि एकाच घडणीच्या चक्राचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. पाचव्या! निम्मी हवा देणाऱ्या टर्बोचा व्यास मोठ्याच्या साधारण सत्तर टक्के असतो. ०.७ चा पाचवा घात काढलात तर १७-१८ टक्के येतात. असे दोन घेतले तरी एकूण जडत्व मोठ्याच्या जेमतेम एक तृतीयांश. जाहिरातीत गोष्ट इथेच संपते, पण खरा हिशेब थोडा पुढे जातो. छोट्या चक्राला तेवढाच दाब द्यायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, सुमारे चाळीस टक्के जास्त. ते धरलं तर दोन छोट्या टर्बोंना वेगात आणायला लागणारी ऊर्जा मोठ्या एकाच्या तुलनेत सत्तर टक्क्यांच्या आसपास पडते. म्हणजे फायदा आहे, चांगला आहे, पण जादू नाही. छोट्या चक्रांत गळती आणि घर्षणाचा वाटाही जास्त असतो, म्हणून नुसत्या आकड्यांच्या मागे लागलेले ड्रॅग रेसवाले कितीतरी वेळा एकच अवाढव्य टर्बो पसंत करतात. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर दोन बरे.

वेगात यायला जो वेळ लागतो त्याला टर्बो लॅग म्हणतात. पाय दाबला, पण धूर वाढल्याशिवाय चक्र वेग घेत नाही आणि चक्राने वेग घेतल्याशिवाय हवा वाढत नाही. दोघं एकमेकांची वाट पाहतात. ज्यांनी दोंडाईचाच्या स्टेशनात उभं राहून जुनं डिझेल इंजिन सुटताना पाहिलंय त्यांनी हा लॅग डोळ्यांनी पाहिलेला आहे. अनेक दशकं देशभर गाड्या ओढणारं डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या, म्हणजे अल्कोच्या आराखड्याचं. १९६२ साली पहिली इंजिनं अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, व्ही आकार, २,६०० अश्वशक्ती आणि वर टर्बो. ड्रायव्हरने झटकन थ्रॉटलचा टप्पा, म्हणजे नॉच, वाढवला की आधी डिझेल जास्त यायचं, हवा मागाहून. मधल्या काही सेकंदांत अर्धवट जळालेल्या डिझेलचा काळाकुट्ट लोट छपरातून उसळायचा. चक्राने वेग पकडला की धूर आपोआप विरायचा. लोकांना वाटायचं इंजिन म्हातारं झालंय. अमेरिकेत अल्कोने १९६९ साली इंजिनं बांधणं थांबवलं, पण आपण त्यांच्या आराखड्यावर पुढची कित्येक दशकं बांधत राहिलो. टर्बोवालं अमेरिकन व्ही इंजिन हवं होतं ना? ते आपल्या रुळांवर साठ वर्षांपूर्वीच आलं होतं.

आता मुख्य अडचण, उष्णता. दोंडाईचातला मे महिन्यातला दुपारचा पारा ४५ वर धरू, धुळे-जळगाव पट्ट्याला तो अनोळखी नाही. हवा गरम झाली की विरळ होते. १५ अंशांच्या थंड देशातल्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत दर लिटरमागे साडेनऊ टक्के माल कमी. म्हणजे युरोपातल्या प्रयोगशाळेत ४०० देणारं साधं इंजिन इथे उघड्या हवेत उभं केलं तर ३६२ च्या आसपास उतरेल. ही खोट टर्बोने भरून काढता येते. पण हवा दाबली की ती स्वतः तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तो याच कारणाने.

किती तापते? बाहेर ४५ अंश, दाब दुप्पट करायचा आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर हवा बाहेर पडते १४५ अंशांवर. पाणी उकळून वाफ होईल, वर आणखी ४५ अंश. एवढ्या तापलेल्या हवेचा दाब दुप्पट झाला तरी तिचं वजन दुप्पट होत नाही, दीडपटच होतं. उरलेलं सगळं उष्णतेने खाल्लं. म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये इंटरकूलर बसवतात. तो हवेचा रेडिएटर. समोरचा वारा त्याच्या जाळीतून जातो आणि आतली हवा थंड करतो. ती ६५ अंशांपर्यंत खाली आणली तर हवेचं वजन १.८८ पट होतं. ४५ अंशांतल्या त्या ३६२ ला १.८८ ने गुणलं तर कागदावर ६८०. मला विचाराल तर या सगळ्या जोडणीत कौतुक टर्बोचं होतं आणि काम इंटरकूलर करतो. बंपरच्या मागे गपचूप बसलेली ती अॅल्युमिनियमची जाळी नसेल तर हजार अश्वशक्तीच्या गप्पा पार्किंगमध्येच राहतात.

हे दोन टर्बो फिरवायलाच किती ताकद लागते याचाही हिशेब केला. वरच्याच आकड्यांनी तो ७५ अश्वशक्तीच्या आसपास निघतो. आपल्याकडच्या पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या दीडपट ताकद, फक्त हवा दाबायला! पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर लावला तर एवढी ताकद इंजिनाच्या क्रँकमधून काढून घ्यावी लागते. टर्बो ती धुरातून काढतो. अगदी फुकट नाही, कारण टर्बाइन वाटेत उभं असल्यामुळे धूर बाहेर टाकायला पिस्टनला थोडं जास्त रेटावं लागतं, पण सौदा फायद्याचा आहे.

आणि आता पेट्रोलचा नाजूकपणा. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं. स्पार्क प्लगने पेटवल्यावर ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्याकडे नीट सरकत जायला हवी. हवा जास्त दाबलेली आणि जास्त तापलेली असली तर ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरात दाबाचा शंभर बारच्या आसपासचा झटका बसतो तेव्हा एखाद्या मोठ्या व्ही-८ च्या १०३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर साडेआठ टनांचा भार पडतो, आणि हे ६,००० फेऱ्यांवर दर सिलिंडरात सेकंदाला पन्नास वेळा. हा भार योग्य वेळी आला तर गाडी पळते. चुकीच्या वेळी आला तर पिस्टनला भोक पडतं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. भारतात विकलेल्या पहिल्या मस्टँगचं कॉम्प्रेशन ११ ला १ होतं, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण मुळातच अकरा पट दाबलं जायचं. तेवढ्या कॉम्प्रेशनवर, ४५ अंशांच्या दुपारी, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर दाब दुप्पट करायला निघालेला माणूस इंजिनाच्या अंत्यविधीचीच तयारी करतो. म्हणून वर काढलेले ६८० कागदावरच ठेवा. शहाणे ट्यूनर पंपाच्या इंधनावर अर्ध्या बारच्या जादा दाबापाशीच थांबतात, संगणकातून स्पार्क उशिरा देतात आणि त्यापुढे जायचं असेल तर इंजिन उघडून फोर्ज केलेले पिस्टन-रॉड टाकतात.

१९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर आणली, टर्बो असलेली जगातल्या पहिल्या दोन मोटारींपैकी एक. दुसरी होती त्याच वर्षीची शेव्रोलेची कॉर्वेअर. जेटफायरच्या अभियंत्यांना नॉकिंगची भीती होती, म्हणून त्यांनी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारायची सोय केली. त्याला नाव दिलं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. बाटली रिकामी झाली की गाडी स्वतःच दाब कमी करायची. लोक बाटली भरायचे विसरले आणि गाडीत दम नाही अशी तक्रार करू लागले. शेवटी कंपनीने अनेकांच्या गाड्यांतून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. रेडिएटरमधलं पाणी बघायचा कंटाळा सगळ्या देशांत सारखाच असावा.

त्या बाटलीचं काम आज अमेरिकेत इथेनॉल करतं. ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई-८५ हे ट्विन टर्बोवाल्यांचं आवडतं इंधन. इथेनॉल नॉकिंगला सहज बधत नाही. शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा किलोमागे दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं, आणि मुळात ओतावंही जास्त लागतं: किलोभर पेट्रोलला पावणेपंधरा किलो हवा, तर किलोभर इथेनॉलला नऊच. जास्त द्रव आणि दर किलोमागे जास्त थंडावा. सिलिंडरात शिरणारी हवा आतल्या आतच गार होते. तोटा म्हणजे मायलेज पडतं आणि पंप, इंजेक्टर मोठे घ्यावे लागतात.

अमेरिकेतलं हे इथेनॉल बहुतेक मक्याचं. मक्यातला स्टार्च, त्याची साखर आणि साखरेचा अल्कोहोल, असा त्याचा प्रवास. यातली पहिली पायरी दोंडाईचाकरांना कुणी शिकवायला नको, गावचा स्टार्चचा कारखाना मक्यावरच चालतो. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याचा ऑक्टेन जुन्या ९१ च्या साध्या पेट्रोलपेक्षा वर, ९५ धरलेला आहे. मायलेज कमी झाल्याची कुरकुर खरी आहे. पण टर्बोच्या इंजिनाला, जर ते या इंधनासाठी बांधलेलं आणि ट्यून केलेलं असेल, तर हेच मिश्रण मानवतं. याच अटीवर बहुतेक वाद अडतो, कारण जुन्या गाड्या तशा बांधलेल्या नाहीत.

दोन टर्बोंच्या अमेरिकन गाड्यांत माझी आवडती कॅलवेची. १९८७ साली शेव्रोलेच्या डीलरकडे कॉर्व्हेट मागवताना बी२के असा एक कोड भरता यायचा. मग नवी कोरी गाडी कारखान्यातून कनेटिकटमधल्या ओल्ड लाइम या गावी रीव्ज कॅलवेच्या दुकानात जायची, तिथे दोन टर्बो बसायचे आणि २४० अश्वशक्तीची गाडी ३४५ ची होऊन, वॉरंटीसकट मालकाच्या हाती यायची. पुढच्याच वर्षी कॅलवेने एक गाडी हद्दीपर्यंत नेली, सुमारे ९०० अश्वशक्तीची. नाव स्लेजहॅमर, म्हणजे घण. ऑक्टोबर १९८८ मध्ये ओहायोतल्या बारा किलोमीटरच्या लंबगोल चाचणी मार्गावर ती ताशी ४१० किलोमीटरने धावली. वेगापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. ती गाडी ट्रकवर लादून नेली नव्हती. एसी आणि रेडिओसह ती कनेटिकटहून रस्त्याने चालवत नेली आणि विक्रम केल्यावर चालवतच घरी आणली.

तसा लांब मार्ग आता आपल्या शेजारीही आहे. बिजासन चढून इंदूरकडे गेलं की पीथमपूरला नॅट्रॅक्स हे सरकारी वाहन चाचणी केंद्र आहे. २०२१ साली त्याचा ११.३ किलोमीटरचा अतिवेग मार्ग सुरू झाला. वळणं आतल्या बाजूला उतरती बांधली आहेत आणि सरळ पट्ट्यावर कितीही वेग घ्यायला मोकळीक आहे. हौस फेडायची तर ती अशा ठिकाणी, परवानगीने.

रस्त्यावर मात्र कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तिकेतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी पक्कं केलं. ज्याच्या इंजिनात मागाहून टर्बो शिरला त्याची नोंदणी अडचणीत येते आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही. हे गॅरेजवाला सांगेलच असं नाही.

खुद्द अमेरिकेतही ही हौस आता कंपन्यांनीच हातात घेतली आहे. डॉजच्या नव्या चार्जरमध्ये व्ही-८ च्या जागी तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन आलं, ५५० अश्वशक्तीपर्यंतचं. हीच ती डॉज, जिच्या गाड्या एकेकाळी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कुर्ल्याला जोडल्या जायच्या. आणि कॉर्व्हेट झेडआर-१ कारखान्यातूनच साडेपाच लिटरचं व्ही-८ आणि दोन टर्बो घेऊन येते, १,०६४ अश्वशक्तीची. व्ही-८ चा तो खोल, अडखळत घुमणारा आवाज टर्बोच्या पात्यांतून गाळून जरा दबका येतो, ही जुन्या चाहत्यांची तक्रार. मला ती मान्य आहे. पण वाया जाणाऱ्या धुरातून इतकं काही परत मिळत असेल तर थोडा आवाज गेला तरी चालेल.

तुमच्या घरी टर्बोची गाडी असेल, मग ती पिकअप असो की चाकणची एसयूव्ही, तर तीन गोष्टी पाळा. सकाळी गाडी सुरू करून लगेच पाय दाबू नका, तेल दांड्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच ऑईल घाला आणि ते वेळेवर बदला. आणि घाट चढून किंवा हायवेवर दामटून आल्यावर चावी बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या दांड्याभोवती थबकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि नव्या टर्बोचं बिल येतं.